मोटर खोलण्याआधी काटा बघा

उन्हाळा लागला की या सदराकडे जी पत्रं येतात त्यातली निम्मी विहिरीची आणि मोटरची असतात, आणि बहुतेकांचा शेवटचा प्रश्न एकच, नवीन मोटर घ्यावी का. गेली बावीस वर्षं मी मोटर-पंपांचंच काम करतोय, माझं स्वतःचं वावर कळमेश्वरकडे आहे, त्यामुळे मे महिन्यात विहिरीच्या काठावर उभं राहून खाली बघताना पोटात कसा गोळा येतो ते मला माहिती आहे. या वेळी पाच पत्रं घेतलीत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, ते मुद्दाम लांबवलंय कारण त्याच तऱ्हेचं पत्र दर वर्षी दहा-बारा जणांकडून येतं.

प्रश्न : भाऊ, काटोल तालुक्यात आमचा चार एकर संत्रा आहे. अंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा) धरला, फळ लिंबाएवढं झालं आणि नेमकी आता मोटर दगा देऊन राहिली. विहीर ४५ फूट खोल, २० फूट रुंद. काठापासून १६ फुटांवर गर्डर टाकून ५ एचपीचा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र जोडलेला) बसवलाय, फुटबॉल (पाईपच्या खालच्या टोकाची झडप, फूट व्हॉल्व्ह) तळापासून दोन फूट वर आहे. सकाळी पाणी काठापासून ३८ फुटांवर असतं, दोरी टाकून मोजलं. लाईन आली की वीस-पंचवीस मिनिटं मस्त पाणी फेकते मग एकदम सोडून देते, नुसतीच फिरत राहते. दोन-अडीच तास थांबून, पंपात पाणी भरून चालू केली की परत तेवढंच. मिस्त्री म्हणाला मोटर कमजोर झाली, म्हणून सहा हजार देऊन वायंडिंग करून आणलं, तरी तेच. सोडते तेव्हाही विहिरीत पाच-सहा फूट पाणी असतं, डोळ्यांनी दिसतं. आता नवीनच मोटर घ्यावी का?

उत्तर : नाही भाऊ, अजिबात घेऊ नका. तुमची मोटर चांगली आहे, आणि वायंडिंग करायच्या आधीही चांगलीच होती असं मला तुमच्या पत्रावरून वाटतंय. तुम्ही दोरी टाकून मोजलं हे फार बरं केलं, तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे.

आधी एक करा. स्टार्टरवरचा अँपिअरचा काटा बघा, मोटर पाणी फेकत असताना किती आणि पाणी सोडल्यावर किती. ५ एचपीची थ्री फेज मोटर भरल्या कामाला साधारण साडेसात अँपिअर घेते. तुमच्याकडे पाणी सोडल्याबरोबर काटा चार-साडेतीनवर उतरत असणार. आपल्याला वाटतं पाणी नाही आलं म्हणजे मोटरवर ताण येतो, पण या पंपात उलटं असतं, पाणी उचलणं हेच त्याचं ओझं आहे, पाणी सुटलं की ओझं गेलं आणि काटा खाली. मोटर बिघडली असती, बेअरिंग गेलं असतं, पंखा कशात अडकला असता किंवा व्होल्टेज पडलं असतं तर काटा वर गेला असता. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, नटला पाना लावायच्या आधी काटा बघा. काटा खाली म्हणजे भानगड पाण्याच्या बाजूला, काटा वर म्हणजे मोटर, बेअरिंग नाहीतर लाईन. पुष्कळांच्या स्टार्टरचा मीटर बंद पडलेला असतो आणि तो कोणी बदलत नाही, तो बदला बाप्पा, वायंडिंगच्या मानानं त्याला काहीच खर्च नाही. तोवर वायरमनकडून टाँग टेस्टर (वायरीला नुसता चिमट्यासारखा लावून अँपिअर दाखवणारा मीटर) आणून एकेका फेजचे अँपिअर बघून घ्या.

आता पाणी का सुटतं ते बघू. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो पण खरं तर तो नळीतला दाब कमी करतो आणि विहिरीतल्या पाण्यावर बाहेरच्या हवेचा जो दाब असतो तो पाण्याला वर ढकलतो. हा दाब समुद्रकाठी पाण्याला ३४ फुटांपर्यंत चढवू शकतो, आपल्या नागपूरकडच्या उंचीवर ३२ च्या आसपास, आणि तेही कागदावर. पाईपचं घर्षण, फुटबॉल, बेंड हे सगळं वजा केलं की हातात २० ते २२ फूट उरतात. त्याच्या पुढे ५ एचपीच्या जागी १० एचपी लावली तरी पाणी चढणार नाही, कारण ढकलणारी हवा तेवढीच आहे.

तुमचा पंप १६ फुटांवर, पाणी ३८ वर, म्हणजे चालू करतानाच सक्शन, म्हणजे पाण्यापासून पंपापर्यंतची उचल, २२ फूट. काठावर उभं राहून तोल सांभाळण्यासारखं आहे ते. तुमच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे जवळजवळ ८,९०० लिटर, आणि तुमची मोटर तासाला तीसेक हजार लिटर फेकत असेल असं धरलं तर पंचवीस मिनिटांत सव्वा ते दीड फूट पाणी उतरतं. सक्शन साडेतेवीसच्या जवळ गेलं की ती सोडून देते. मग अडीच तासांत झरे तेवढं पाणी परत भरून देतात आणि तुमचं चक्र पुन्हा सुरू. फुटबॉलच्या वर तेव्हाही साडेतीन फूट पाणी आहे, पण ते त्या जागेवरून तुमच्या पंपाला मिळू शकत नाही. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात हीच मोटर तक्रार करत नाही कारण तेव्हा पाणी वर असतं, यातच सगळं आलं.

उपाय म्हणजे पंप खाली घ्या. चेनपुली लावून गर्डर आठ फूट तरी खाली, म्हणजे २४ फुटांवर बसवा, सक्शन पंधराच्या आत येईल. मोटर कमी पडेल का ही भीती नको, सक्शन कमी झालं तेवढं डिलिव्हरी (पंपापासून वरची उचल) वाढलं, एकूण उचल तीच. गर्डर भिंतीत ज्या दगडावर टेकवणार तो ठोकून बघा, मुरमात टेकवू नका. सक्शनचा पाईप डिलिव्हरीपेक्षा बारीक नको, उलट एक साईज मोठा चांगला, आणि बेंड जितके कमी तितकं बरं. फक्त जूनमध्ये पाऊस बसायच्या आत पंप परत वर घ्यायची आठवण ठेवा, पहिल्या मोठ्या पावसात विहीर एका रात्रीत किती चढते ते तुम्ही पाहिलंच असेल आणि मोनोब्लॉक पाण्याखाली गेला तर मग वायंडिंगला खरंच न्यावं लागेल. दर वर्षीची ही वर-खाली नको असेल तर पुढे कधी बदलायची वेळ आली तेव्हा ओपनवेल सबमर्सिबलचा विचार करा, ती पाण्यातच बसते, सक्शनचा प्रश्नच नाही.

पंप खाली घ्यायच्या आधी अर्ध्या दिवसाचं एक काम जरूर करा. मोटर बंद ठेवून पंपात वरपर्यंत पाणी भरा आणि दहा मिनिटं बघत बसा. पाणी उतरलं तर फुटबॉल धरत नाही, त्याच्या झडपेत काडी, पाला, गोगलगायीचा शंख काहीतरी अडकलंय किंवा चामडं झिजलंय. उतरलं नाही तर मोटर चालू करून एक अगरबत्ती पेटवा आणि तिचा धूर सक्शन पाईपच्या प्रत्येक जोडाजवळ, प्रत्येक आट्याजवळ, शेवटी ग्लँडजवळ (शाफ्ट पंपात शिरतो तिथली डोरी भरलेली जागा) सावकाश न्या. जिथं धूर सरळ वर जायच्या ऐवजी वाकून आत शिरतो तिथून हवा जाते. इतकी बारीक फट असते की हात लावून कळत नाही, साबणाचा फेस लावूनही कधी चुकते, पण धूर चुकत नाही. तिथं सफेदा-सुतळी नाहीतर टेप लावून जोड परत आवळा. आणि ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडायलाच पाहिजे बरं, ते गळतं म्हणून लोक पान्यानं करकचून आवळतात, मग आतली डोरी जळते, शाफ्टला चर पडते आणि तिथूनच हवा धरायला लागते.

हे मी एवढं कळवळून का सांगतो त्याला कारण आहे. सुरुवातीच्या वर्षांत आमच्या शेजारच्या वावरातली मोटर मी स्वतः खोलून नागपूरला वायंडिंगला नेली होती, सहा दिवस गेले, परत आणून बसवली तर पाणी नाही. मग फुटबॉल वर काढला, झडपेत बोटाएवढी काडी आडवी अडकलेली, बाकी काही नाही. तोपर्यंत त्यांच्या झाडांखाली फळांचा सडा पडला होता. त्या घरातल्या आजी ती गळलेली फळं पदरात गोळा करत होत्या, ते मी विसरलेलो नाही. तेव्हापासून काटा आणि फुटबॉल बघितल्याशिवाय मी मोटरला हात लावत नाही.

तुमच्या विहिरीचे झरे तासाला पाचेक हजार लिटर देतात असा तुमच्याच आकड्यांवरून हिशोब निघतो. तुमच्याकडे वर मुरूम आणि खाली काळा पत्थर, मे महिन्यात पाणी फक्त पत्थराच्या भेगांमधून झिरपतं, त्याला घाई करता येत नाही. पंप खाली घेतल्यावर एका दमात सगळं उपसू नका, दोन-तीन टप्प्यांत चालवा, आणि दांडानं, म्हणजे पाटानं, देत असाल तर निदान दोन महिने ठिबकवर या. फळ झाडावर टिकवायचं असेल तर दर चार दिवसांनी भरपूर देण्यापेक्षा रोज थोडं दिलेलं बरं.

प्रश्न : मौदा तालुका, उन्हाळी धान. मागच्या महिन्यात आमची डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली, नवीन बसवली, त्या दिवसापासून सबमर्सिबल अर्धंच पाणी देऊन राहिली. व्होल्टेज चांगलं आहे. मोटर वर काढायची तर चार माणसं लागतात, काय करू?

उत्तर : काढू नका. मोटर उलटी फिरतेय. डीपी बदलताना दोन फेजची अदलाबदल झाली की थ्री फेज मोटरची दिशा फिरते, आणि हा पंप उलटा फिरला तरी पाणी देतोच, फक्त बरंच कमी देतो, त्यामुळे माणूस फसतो. मेन स्विच पाडून, वायरमनला बोलावून स्टार्टरमधून मोटरकडे जाणाऱ्या तीनपैकी कोणत्याही दोन वायरी आपसात बदलून घ्या आणि बघा, ज्या जोडणीत पाणी जास्त तीच बरोबर. मोनोब्लॉक असता तर अंगावरचा बाण बघूनच कळलं असतं. आणि त्या डीपीवरच्या बाकीच्यांनाही विचारा, त्यांच्याही मोटरी उलट्याच फिरत असतील आणि ते मोटर जुनी झाली म्हणून गप्प बसले असतील.

प्रश्न : आमच्याकडे थ्री फेज कधी आठवड्यात दिवसा आठ तास तर कधी रात्री दहा तास. बाकी वेळ दोनच फेजवर लाईट राहते. सावनेरच्या एका मित्रानं कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटर चालवायची सोय करून दिली, प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र) बायपास केला. चालते पण हात लावला तर चटका बसतो. दोन वर्षांत दोनदा जळाली. दुसरं म्हणजे ऑटोस्विच (लाईन आली की मोटर आपोआप चालू करणारा) लावावा का, रात्री उठायला नको?

उत्तर : चटका बसतो हेच उत्तर आहे. तीन फेजमध्ये वाटून जाणारा करंट तुम्ही दोन वायरीतून ढकलताय, प्रत्येकीतून जवळजवळ पावणेदोनपट जातो, वायंडिंगचं इन्सुलेशन आतून करपत जातं आणि एके दिवशी जळतं. काटा बघितला असता तर पहिल्याच दिवशी वर गेलेला दिसला असता. दोनदा वायंडिंगला गेलेला पैसा आणि त्या दिवसांत चुकलेल्या पाळ्या मोजा म्हणजे त्या जादा तासांचं पाणी किती महाग पडलं ते कळेल. प्रिव्हेंटर आजच परत जोडून घ्या, एक फेज गेला की मोटर पाडायचं एवढंच त्याचं काम आहे आणि तेच तुम्ही बंद करून ठेवलंय.

ऑटोस्विचचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यात एकट्याचं नाही, सगळ्यांचं नुकसान होतं. चालू होताना मोटर पाच-सहा पट करंट घेते. एका डीपीवर पंधरा-वीस मोटरी आणि सगळ्यांना ऑटोस्विच, लाईन आली की सगळ्या एकाच क्षणी उठतात, फ्यूज उडतो नाहीतर डीपीच जाते आणि मग आठ-आठ दिवस कोणालाच पाणी नाही. गावानं बसून ठरवायला पाहिजे हे. एकाआड एक, दोन-दोन मिनिटांनी चालू करायच्या. लावायचाच असेल तर कपॅसिटर लावा, म्हणजे स्टार्टरजवळचा, मोटरच्या एचपीला जुळेल असा थ्री फेज कपॅसिटर, तो तुमचा दोन फेजवाला कंडेन्सर नव्हे, त्यानं लाईनवरचा भार कमी होतो आणि शेवटच्या टोकाच्या मोटरलाही व्होल्टेज बरं मिळतं.

रात्रीच्या पाळीचा त्रास मी समजू शकतो, थंडीत आणि सापाकिरड्यात जावं लागतं. सौर पंपाची योजना तुमच्यासाठी आहे का ते बघा, अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपी, त्यावर साडेसात, आणि शेतकऱ्याचा वाटा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीला पाच. दिवसा उन्हात पाणी, रात्री झोप. अंबियाला मे महिन्यात पाणी लागतं आणि तेव्हाच ऊन सगळ्यात जास्त, हा मेळ चांगला आहे.

प्रश्न : हिंगण्याजवळ आमचं छोटं फार्महाऊस आहे, घरगुती लाईनवर दीड एचपीची मोटर. आठ दिवस झाले, हौदाच्या लोखंडी नळाला ओल्या हातानं हात लावला की झिणझिण्या येतात. मोटर नीट चालते. नातवंडं सुट्टीत आलीत, हौदात पोहतात. थांबलं तर चालेल का?

उत्तर : काकू, हे वाचलं की आधी मेन स्विच पाडा आणि मुलांना हौदातून बाहेर काढा, बाकीचं नंतर वाचा. मोटरमध्ये किंवा केबलच्या जोडात कुठंतरी इन्सुलेशन गेलंय आणि करंट पाईपमधून जमिनीत जायला वाट शोधतोय, आज झिणझिण्या आहेत, अंग ओलं आणि पाय पाण्यात असले की त्याच करंटनं माणूस चिकटतो. मोटर नीट चालतेय याला काही अर्थ नाही, असं गळतं तेव्हा मोटर नीटच चालते.

वायरमनला मेगर घेऊन यायला सांगा, म्हणजे करंट गळतो का ते मोटर न खोलता कळतं. एक मेगओहमपेक्षा कमी दाखवलं तर मोटर किंवा केबल दुरुस्तीला. पाण्याजवळचा केबलचा जोड आधी बघा, साध्या टेपनं गुंडाळलेला असेल तर तिथंच निघेल. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि मग अर्थिंग असून नसल्यासारखी होते, कोळसा-मीठ घालून त्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतत जा. आणि मोटरच्या लाईनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या, करंट गळला की क्षणात लाईन तोडते. ती बसेपर्यंत आणि वायरमननं मोजून दाखवेपर्यंत हौदाला कोणी हात लावायचा नाही, तुम्हीसुद्धा.

प्रश्न : भिवापूरकडची जुनी विहीर, तीन वर्षं वापरात नाही, ४० फूट. गाळ काढून चालू करायची आहे. लाईन अजून नाही म्हणून डिझेल इंजन खाली ओट्यावर उतरवून पाणी उपसावं असं ठरलंय, वरून ते ओढतच नाही. काही काळजी घ्यायची का?

उत्तर : वरून का ओढत नाही ते पहिल्या उत्तरात आलंय. पण इंजन खाली उतरवू नका. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि विहिरीत वारा नसतो, तो तिथंच साठत जातो. खाली उतरलेला माणूस चक्कर येऊन पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, मग बाप उतरतो, दर उन्हाळ्यात पेपरात आपण अशा बातम्या वाचतो आणि त्या घरात कोणी उरत नाही. इंजन बंद केल्यावरही तासन्‌तास तो वायू खाली राहतो. कंदील सोडून बघायची आपली जुनी पद्धत आहे, कंदील विझला तर उतरूच नका, पण कंदील जळत राहिला म्हणून धुराचा वायू नाही असं होत नाही, त्याला तो कळत नाही.

भाड्यानं जनरेटर घ्या, तो काठापासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा, आणि गाळाचं पाणी उचलणारा सबमर्सिबल मड पंप दोरानं विहिरीत सोडा. पंप चालू असताना पाण्यात कोणी नाही. तीन वर्षं बंद विहीर आहे, पंपाशिवायही तिच्या तळाशी हवा खराब असू शकते, म्हणून ब्लोअर किंवा कूलरचा मोठा पंखा लावून, त्याला कापडाची नळी जोडून तळापर्यंत अर्धा-पाऊण तास हवा सोडा आणि माणसं खाली असेपर्यंत तो बंद करू नका. उतरणाऱ्याच्या छातीला आणि मांड्यांना दोर बांधलेला हवा, नुसता कमरेला नको, आणि वर दोन धडधाकट माणसं दोर हातात घेऊन, सारखी हाक देत. हाकेला ओ आली नाही तर दोर ओढायचा, मागोमाग कोणी उतरायचं नाही. हे सगळं जमणार नसेल तर थोडे दिवस थांबा, विहीर कुठं जात नाही.